मंडळाचा वाफा आणि मंडळाचा माईक: कोल्हापुरात युवा गट सुरू करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आणि तरुण मंडळं आहेत. गणपती, शिवजयंती, फुटबॉलचा हंगाम यात वर्ष कसं सरतं ते कळत नाही. त्यामुळे शेती, बागकाम आणि वक्तृत्व यांसाठी आणखी एक मंडळ काढायच्या भानगडीत पडू नका. आहे त्याच मंडळात बारा-पंधरा पोरापोरींचा एक गट करा. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

आधी एक गोष्ट पक्की करा: शेतीचा गट आणि वक्तृत्वाचा गट असे दोन वेगळे गट करायचे नाहीत. दोन केले की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. भाषणवाली पोरं "आदरणीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" पाठ करून येतात आणि रानात राबणारी पोरं मागच्या रांगेत गप्प बसतात. एकाच रविवारी अर्धा वेळ मातीत जावा आणि अर्धा बोलण्यात. ज्यानं मेथी पेरली, त्यानंच तिच्यावर तीन मिनिटं उभं राहून बोलायचं. अमेरिकेतल्या फोर-एच क्लबची सुरुवात १९०२ मध्ये ओहायोत झाली, तेव्हा तिथली पोरं मका आणि भाजीपाल्याचे छोटे प्लॉट करत. पुढं त्याच क्लबांत, केलेलं काम लोकांसमोर करून दाखवत समजावून सांगायची पद्धत रुजली. आपल्याकडे कीर्तनकारापासून शाहिरापर्यंत इतकी बोलणारी परंपरा असताना ही पद्धत न जमायला कारण नाही.

माणसं, वेळ आणि बसायची जागा

बारा ते अठरा वयाची पोरं घ्या. त्याहून लहान असली की सांभाळण्यातच वेळ जातो. गटासोबत दोन मोठी माणसं कायम हवीत, त्यांतली एक बाई असावी. तिसरं माणूस म्हणजे रान कसलेलं एखादं जुनं खोड. शहरात राहणाऱ्या बहुतेक घरांचं करवीर, पन्हाळा, कागल नाहीतर राधानगरी तालुक्यात थोडं तरी रान असतं आणि घरात शेती केलेले आजोबा किंवा आजी असतात. त्यांना हाताला धरून आणा. व्याख्यान द्या म्हणालात तर ते येणार नाहीत. "आण्णा, जरा वाफा बघायला चला की" म्हणालात तर चहाच्या आधीच चप्पल घालतील.

बैठक तालमीत ठेवायची का, याचा विचार करा. तालीम ही पिढ्यान्पिढ्या पुरुषांची जागा. तिथं बैठक ठेवली तर मुली पहिल्या रविवारी येतात आणि दुसऱ्या रविवारी येत नाहीत. शाळेचा वर्ग, वाचनालय, समाजमंदिर यांपैकी काही मिळत असेल तर ते बरं. वेळ सकाळी आठ ते दहा. पालकांना एका पानाची चिठ्ठी द्या: कुठं, किती वाजता, सोबत कोण, घरी कधी.

जागा शोधताना

सुरुवातीला एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब असे दोन वाफे पुरतात. शाळेच्या मागची पट्टी, देवळाचं आवार, कुणाच्या तरी घरामागचं परस, काहीही चालेल. तीन गोष्टी तपासा: दिवसाला पाच-सहा तास ऊन, हाकेच्या अंतरावर पाणी, आणि जागामालकाची लेखी परवानगी. तोंडी परवानगी पिकाला पहिली फुलं येईपर्यंत टिकते, पुढचा भरवसा नाही. गच्चीवर करायचं असेल तर घरमालकाला आधी विचारा आणि कुंड्या भिंतीच्या कडेनं ठेवा. गच्चीच्या मधोमध ओल्या मातीचं वजन नको.

नदीकाठचं रान मिळत असेल तर माती काळी आणि कसदार असते, पण आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीकडच्या लोकांना पुराचं वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ चे पूर सगळ्यांच्या लक्षात आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. पावसाळ्यात हे आकडे बघून वहीत लिहायचं काम गटातल्या एकाकडे द्या. पूररेषेतल्या रानात जुलै-ऑगस्टमध्ये पोरांना नेऊ नका, भाजी गेली तर जाऊ दे.

सुरुवात कधी करायची

सगळ्यांना जूनमध्ये, मृग निघाला की पेरायची घाई असते. नवख्या गटानं मात्र भाजी दसऱ्यानंतर लावावी, असं माझं ठाम मत आहे. जुलै-ऑगस्टचा कोल्हापुरी पाऊस मेथी-कोथिंबीर कुजवतो, तण मेथीच्या आधी वर येतं, आणि गणपतीच्या महिन्यात वाफ्याकडे बघायला कुणी नसतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा थंड असते, रोग कमी असतात आणि पाणी आपल्या हातात असतं. पहिलं पीक हाताला लागलं की पोरं टिकतात.

मग मेपासून सप्टेंबरपर्यंत काय करायचं? माती परीक्षण, बियाण्याची चाचणी आणि बोलण्याचा सराव. तिन्हीला वाफा लागत नाही.

माती परीक्षणाचा नमुना वळवाच्या आधी, रान कोरडं असताना घ्या. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा काढायचा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या शेजारी किंवा नुकतंच खत टाकलं असेल तिथं नमुना घ्यायचा नाही. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेली पुन्हा मिसळा. अर्धा किलो राहीपर्यंत हेच. ती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा आणि आत नाव, गाव, जमिनीचा (सातबाऱ्यावरचा) गट नंबर, तारीख, आधीचं पीक लिहिलेली चिठ्ठी टाका. नमुना कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात द्या. जिल्ह्यात कणेरी आणि तळसंदे इथं अशी केंद्रं आहेत.

बियाण्याची चाचणी तर स्वयंपाकघरात होते. घरी राखलेल्या सोयाबीनचे न निवडता शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभरात उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरायला ठीक. त्याखाली असेल तर एकरी बियाणं वाढवावं लागतं, आणि फारच कमी असेल तर ते पेरूच नये. या चाचणीची गंमत अशी की आठवीतली मुलगी घरी जाऊन बापाला सांगते, "बाबा, आपल्या शंभरातले एकसष्टच उगवले." त्या एका वाक्यासाठी बाप पेरणीचा हिशेब बदलतो. तिचं पहिलं भाषण तिथंच झालं.

पहिला वाफा

वापसा, म्हणजे खणायला-पेरायला योग्य अशी मातीतली ओल, आला की नाही हे आधी बघा. आण्णांना विचारलं तर ते मातीचं ढेकूळ उचलून मुठीत दाबतील आणि कंबरेच्या उंचीवरून सोडतील. फुटून मोकळं झालं तर वापसा आहे, लाडू तसाच राहिला तर अजून ओल जास्त आहे. ओल्या काळ्या मातीत खोरं घातलं की दगडासारखी ढेकळं होतात आणि मग महिनाभर कपाळावर हात.

माती वीतभर खणा, ढेकळं फोडा, काशा म्हणजे तणाच्या चिवट मुळ्या वेचा. गादीवाफा जमिनीपासून अर्धी वीत उंच घ्या, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी पाणी मुळाशी तुंबत नाही. एका वाफ्याला चांगलं कुजलेलं शेणखत दोन पाट्या. कुजलेलं म्हणजे काळं, भुसभुशीत, वास न येणारं. ताजं शेण टाकलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण दोन्ही पाहुणे येतात.

पहिल्या वाफ्यात मेथी आणि कोथिंबीर, दुसऱ्यात मुळा आणि पालक. वांगी-टोमॅटोचा मोह पहिल्या हंगामात टाळा. कृष्णाकाठच्या वांग्यांचा कितीही अभिमान असला तरी वांगं महिने घेतं, शेंडे-फळं पोखरणारी अळी आली की नवशिक्यांचा धीर सुटतो. मेथी महिन्याभरात काढायला येते. कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. धने पेरण्याआधी चपलेनं हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करा आणि रात्रभर भिजत घाला, तरीही उगवायला आठ-दहा दिवस जातात. इथं पोरांकडून एक प्रयोग करून घ्या: अर्ध्या वाफ्यात रगडलेले धने, अर्ध्यात अख्खे, आणि रोज कोंब मोजायचे. बिया वीतभर अंतराच्या ओळींत पेरा. फोकून पेरलं की भांगलताना, म्हणजे तण काढताना, पोरं मेथीच उपटतात.

पाणी झारीनं, सकाळी. थंडीत दोन-तीन दिवसाआड पुरतं. बोट मातीत घालून बघायची सवय लावा. पंधराव्या दिवसाच्या आसपास पहिली भांगलण येते, आणि गट खरा कोण आणि फोटोपुरता कोण हे त्या दिवशी कळतं.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत, पोरांना करायला फार आवडतं, वासामुळे असेल. एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असं प्रमाण धरतात. आपल्याला वीस लिटरची बादली पुरते, म्हणून सगळ्याचा दहावा भाग: एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, चिमूटभर माती. सावलीत गोणपाटानं झाकून ठेवा, दिवसातून दोनदा काठीनं ढवळा. दोन-तीन दिवसांत तयार होतं आणि आठवड्याच्या आत वापरायचं. गूळ काळा, स्वस्तातला चालतो. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर निंबोळी अर्क: लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवा, गाळा, चमचाभर साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. दुकानातली रासायनिक औषधं पोरांच्या हातात द्यायचीच नाहीत. डब्यावरचा रंगीत त्रिकोण मात्र ओळखायला शिकवा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य.

बियाणं कृषी सेवा केंद्रातून घेतलं तर पावती आणि पिशवीवरचं लेबल जपून ठेवा. खुरपी, विळा, खोरं, पाटी, झारी एवढ्यावर भागतं. गवतात हात घालण्याआधी काठी मारायची सवय लावा. साप चावलाच तर गावठी उपाय, चिरा, दोरी काही करू नका. १०८ ला फोन करायचा किंवा सरळ सीपीआर रुग्णालय गाठायचं.

वही

गटाची एकच वही असावी, रोज लिहिणारा बदलता. तारीख, पाऊस, काय पेरलं, कितव्या दिवशी उगवलं, पाणी कधी दिलं, कीड काय दिसली, किती पेंढ्या निघाल्या, किती रुपये आले. अक्षर वाईट असलं तरी चालेल, आकडा खोटा नको. पुढं भाषणाचा सगळा कच्चा माल याच वहीतून येतो.

बोलायला उभं करताना

पहिल्या रविवारी कुणालाही उभं करू नका. गोल बसा. प्रत्येकानं आपलं नाव, घरचं रान कुठल्या गावात, आणि न आवडणारी एक भाजी सांगायची. न आवडणारी विचारली की पोरं मोकळी होतात. दुसऱ्या बैठकीला प्रत्येकानं एक वस्तू आणायची: खुरपं, कणीस, बियांची पुडी, उसाचं टिपरं. ती हातात धरून एक मिनिट बोलायचं. हातात काहीतरी असलं की हातांचं काय करायचं हा प्रश्नच मिटतो, आणि भीतीचा अर्धा भाग तिथंच असतो. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून उभं राहून तीन मिनिटं, करून दाखवत. मातीचे चार भाग कसे पाडायचे, धने कसे रगडायचे, जीवामृत कसं ढवळायचं.

तीन मिनिटांची मांडणी सोपी ठेवा. मी काय केलं, मला काय दिसलं, पुढच्या वेळी काय बदलणार. सुरुवात "शेती हा आपल्या देशाचा कणा आहे" अशी करू देऊ नका. त्याऐवजी असं: "आम्ही एकाच वाफ्यात दोन प्रकारे धने पेरले. रगडलेले नवव्या दिवशी वर आले. अख्खे अजून मातीतच आहेत." ऐकणारा पुढचं वाक्य ऐकायला थांबतो. भाषण अख्खं पाठ करायचं नाही. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि मधले आकडे एवढंच पाठ. मधलं विसरलं तर वही उघडून बघायची मुभा आहे.

भाषेबद्दल माझं म्हणणं बऱ्याच शिक्षकांना पटत नाही. पहिले तीन महिने पोरांना घरच्या बोलीत बोलू द्या. "लई पाणी झालं, मुळ्या कुजल्या" हे वाक्य "अतिजलसिंचनामुळे मुळांचा ऱ्हास झाला" यापेक्षा खरं आहे, आणि सांगणाऱ्याला ते नक्की माहीत आहे. स्पर्धेला जायची वेळ आली की प्रमाण भाषा बसवता येते. आधी आवाज सुटू दे.

माईक मिळाला तर तो तोंडापासून चार बोटं लांब, थोडा खाली. फुंकर मारून किंवा टिचक्या मारून तपासायचा नाही, नाव सांगून तपासायचा. माईक स्पीकरच्या समोर नेला की शिट्टी वाजते, हे एकदा मुद्दाम करून दाखवा. माईक नसेल तर पोरांना मैदानाच्या दोन टोकांना उभं करून, न ओरडता शेवटच्या माणसापर्यंत वाक्य पोचवायला सांगा. श्वास पोटातून घ्यायला सांगून जे साधत नाही ते यातून साधतं.

बोलून झाल्यावर ऐकणाऱ्या दोघांनीच सांगायचं: एकानं लक्षात राहिलेली गोष्ट, दुसऱ्यानं न कळलेली. तिसरा सल्ला नको. टाळ्या सगळ्यांना सारख्या. अधूनमधून चिठ्ठ्या टाकून उत्स्फूर्त बोलायला लावा. विषय जवळचे असू देत: पाचट जाळावं की कुजवावं, रंकाळ्यावर कचरा कुणाचा, गल्लीत झाड कुणी लावायचं आणि पाणी कुणी घालायचं.

प्रश्न विचारायला बाहेर न्या

डिसेंबर-जानेवारीत एक सकाळ गुऱ्हाळावर घालवा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पोरांनी तो होताना बघितलेला नसतो. जायच्या आधी प्रत्येकानं एक प्रश्न लिहून आणायचा आणि तो स्वतः गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, विचारायचा. अनोळखी मोठ्या माणसाला नीट प्रश्न विचारता येणं हे भाषणापेक्षा अवघड आहे. रानभेंडीचा चिकट रस कशाला घालतात? मळी वर का येते? पाक झाला हे कसं ओळखता? गुळव्या बहुधा थोडा पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी करून दाखवेल. पाक साधारण ११८ अंशांच्या आसपास उतरवतात, पण त्याच्याकडे थर्मामीटर नसतो. काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, मात्र पोरांना दोन हात लांब ठेवा. शहरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आणि कृषी महाविद्यालय आहे. आधी पत्र देऊन वेळ घेतली तर तिथंही जाता येतं. परतल्यावर गुऱ्हाळमालकाला पोरांच्या हातची आभाराची चिठ्ठी द्यायला विसरू नका, पुढच्या वर्षी पुन्हा जायचं असतं.

ऐकायलाही न्यावं. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात व्याख्यानं होत असतात. १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिराचं सभासदत्व गटातल्या दोघांनी तरी घ्यावं.

स्पर्धा

वक्तृत्व स्पर्धा १२ जानेवारीचा युवा दिन, १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि २६ जूनची शाहू जयंती यांच्या आसपास दाटीनं येतात. पाच मिनिटं बोलणं, वर दोन मिनिटं सवलत आणि आधी इशाऱ्याची घंटा हा बऱ्याच ठिकाणचा नियम, म्हणून सराव घड्याळ लावूनच. पहिल्या वर्षी दोनपेक्षा जास्त स्पर्धांना पाठवू नका. शाहू जयंतीला सगळे तेच सर्वसाधारण गौरवाचं भाषण करतात. तुमच्या पोरानं शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणापासून सुरू करावं: धरणाचं पाणी भोगावतीत येतं, भोगावतीतून पंचगंगेला, नदीवरच्या उपसा योजनेतून पाटाला आणि पाटातून आजोबांच्या उसाला. पावसाळ्यात धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की नदीकाठची गावं कशी सावध होतात, हेही त्यात येऊ दे. मग परीक्षक पेन खाली ठेवून ऐकतात.

पैसे आणि कागद

भाजी पेंढ्या बांधून गल्लीतच विका. विकायला रोज नवी जोडी पाठवा, कारण "ताजी मेथी, सकाळीच काढली" हे दारात उभं राहून म्हणणं हाही सराव आहे. जमा-खर्च फळ्यावर लिहा. पैसे बियाणं, खत आणि वह्यांना वापरा. जेवणावळीत उडवू नका.

नोंदणीची घाई करू नका. गट एक अख्खं वर्ष टिकला, दुसऱ्या दसऱ्याला वाफे पुन्हा तयार झाले, की मग बघा. जुन्या मंडळाची नोंदणी असेल तर त्याच्याच ठरावात युवा विभाग म्हणून नोंद घेतली तरी पुरतं. स्वतंत्र संस्था हवीच असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सभासद लागतात, ते अठरा वर्षांवरचे असावेत. घटना, उद्देश, कार्यकारिणीची यादी, ओळखपत्रं आणि जागेच्या मालकाचं संमतीपत्र घेऊन सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. पूर्वी नेहरू युवा केंद्राकडून गावोगावच्या युवा मंडळांना कार्यक्रम मिळत. आता ते काम मेरा युवा भारत या नावानं चालतं आणि १५ ते २९ वयाच्या कुणालाही तिथं नाव नोंदवता येतं. गटातली पंधरा वर्षांवरची पोरं आधीच नोंदवून ठेवा. संस्थेचा कागद व्हायला वेळ लागतो, यांची नोंद मोबाईलवर होते.